नेट गेलं? आधी तारीख लिहा!

मुलांनो, आज आधी एक कोडं.

रस्त्याकडेच्या चरातून येतो, खांबावर झोके घेतो. अंगाने केसाएवढा, पण अख्खं जग घरात आणतो. तुटतो तेव्हा आवाज करत नाही, पण घरभर आरडाओरडा होतो. सांगा पाहू, मी कोण?

‘इंटरनेट’ म्हणालात ना? जवळजवळ बरोबर! पूर्ण बरोबर उत्तर आहे काचेचा धागा. याच धाग्यातून इंटरनेट आपल्या घरी, शाळेत आणि ग्रामपंचायतीत येतं. तो शाबूत असतो तेव्हा त्याची कुणाला आठवणही होत नाही. तो तुटला, की मात्र एकच हाक ऐकू येते, “अरे, नेट गेलं!”

आमचं काष्टी हे श्रीगोंदा तालुक्यातलं बाजाराचं गाव. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, पण गावातून जाणाऱ्या रस्त्याला लोक अजून नगर-दौंड रस्ताच म्हणतात. दर शनिवारी इथे जनावरांचा मोठा बाजार भरतो. बैल, गाई, म्हशी, शेळ्या, पाहाल ते हजर! जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायची पद्धत फार जुनी. पण भाव ठरला, की आता बरेच जण खिशातून फोन काढतात आणि पैसे फोनवरून देतात. सौदा जुन्या रीतीचा, पैसे नव्या रीतीचे. अशा वेळी नेट गेलं, की विकणारा म्हणतो, “पैसे आले नाहीत.” घेणारा म्हणतो, “माझ्याकडून तर गेले!” आणि म्हैस दोघांच्या तोंडाकडे बघत उभी.

बाजाराचंच कशाला? बँकेत ‘लिंक नाही’ अशी पाटी लागते. रेशन दुकानात अंगठा उमटत नाही. सेवा केंद्रात उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आलेले आजोबा रोजगार बुडवून परत जातात. नवोदयचा अर्ज भरायची शेवटची तारीख जवळ येते आणि पडद्यावर ते गोल चक्र फिरत राहतं. शहरातल्या मुलाचा अर्ज दहा मिनिटांत जातो, वस्तीवरच्या मुलीला दोनदा पायपीट करावी लागते. हुशारी दोघांची सारखीच असली, तरी वाट सारखी नाही.

म्हणून आज दोन गोष्टी पाहू या. नेट जातं म्हणजे नेमकं काय होतं? आणि गेल्यावर आपण काय करायचं?

तांब्याची तार आणि काचेचा धागा

आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगम या सरकारी कंपनीमार्फत आणि तेही मोजक्या मोठ्या शहरांत. १ ऑक्टोबर २००० रोजी भारत संचार निगम म्हणजे बीएसएनएल ही दुसरी सरकारी कंपनी स्थापन झाली. २००५ च्या जानेवारीत तिने ब्रॉडबँड सुरू केलं. तेव्हा ते टेलिफोनच्याच तांब्याच्या तारेवरून येत असे. एकाच तारेवर बोलणंही चालायचं आणि इंटरनेटही!

पण तांब्याच्या तारेला दोन खोडी. पहिली खोड म्हणजे अंतर वाढलं, की तिच्यातला संदेश क्षीण होतो. टेलिफोन केंद्राजवळचं घर जोरात, तर चार-पाच किलोमीटरवरची वस्ती रडतखडत. दुसरी खोड पावसाची. जिथे तारेला जोड दिलेला असतो, तिथे पाणी शिरलं की फोनवर खरखर आणि नेट गुल.

काचेच्या धाग्याची तऱ्हाच वेगळी. याला म्हणतात ऑप्टिकल फायबर. यातून वीज धावत नाही, प्रकाश धावतो. काचेच्या आत प्रकाश कडेला आपटतो आणि परत आतच वळतो. असं करत करत तो वाकड्यातिकड्या वाटेनेही पुढे जातो. पंजाबात मोगा इथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी १९५४ साली आपले प्राध्यापक हॉपकिन्स यांच्याबरोबर काचेच्या तंतूंच्या जुडग्यातून चित्र पाठवण्याचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. पुढे १९६६ साली चार्ल्स काओ यांनी सांगितलं, की काच पुरेशी शुद्ध केली तर असा धागा लांब अंतरावर संदेश नेऊ शकेल. या कामासाठी काओ यांना २००९ साली नोबेल पुरस्कार मिळाला.

हा काचेचा तंतू फक्त ०.१२५ मिलिमीटर जाड असतो. त्यातही प्रकाश धावतो तो मधल्या अगदी बारीक गाभ्यातून. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर. २५० किलोमीटर लांबीचा धागा पार करायला त्याला किती वेळ लागेल? एका सेकंदाचा ८०० वा भाग! तुम्ही पापणी मिटून उघडेपर्यंत तो कितीतरी वेळा जाऊन येईल.

मग एवढा वेगवान गडी मधेच का अडतो?

धागा कुठे कुठे तुटतो?

काच प्रकाश नेते झकास, पण घाव सोसत नाही. रस्ता रुंद करायला, पाण्याची पाइपलाइन टाकायला जेसीबी येतो. एक फावडं खोल गेलं, की खालची केबल तुटते. उसाच्या हंगामात उंच भरलेल्या ट्रॉल्या जातात आणि खांबावरून लोंबणारी केबल त्यात अडकते. उंदीर-घुशी केबलचं आवरण कुरतडतात. वादळात खांबच आडवा होतो.

धागा शाबूत असला, तरी नेट जाऊ शकतं. धाग्याच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे केंद्रात, यंत्रं असतात. त्यांना वीज लागते. वीज गेली की बॅटरी, बॅटरी संपली की जनरेटर, आणि जनरेटरमध्ये डिझेल नसलं तर? सगळ्यांचे डबे एकदम बंद. म्हणजे आपल्या घरात दिवे लखलखत असतात आणि नेट मात्र दुसऱ्या गावातल्या विजेपायी गेलेलं असतं.

आणखी एक गोष्ट. केंद्रातून निघालेला एकच धागा वाटेत फांद्या फुटून अनेक घरांना जातो. एका धाग्यावर ३२ किंवा ६४ घरंसुद्धा असतात. फांदी तुटली तर एक घर बंद, खोड तुटलं तर आळीच बंद! म्हणून नेट गेलं की आधी शेजारी विचारावं, “तुमचं चालू आहे का हो?” एवढ्या एका प्रश्नावरून अर्धा शोध लागतो.

विहिरीतली हाक

केबल जमिनीखाली दहा किलोमीटर पसरलेली. नेमकी कुठे तुटली, हे माणसं शोधतात कशी? सगळा रस्ता उकरतात का? छे!

तुम्ही विहिरीच्या काठावर वाकून “ओऽऽ” केलं असेल. थोड्या वेळाने “ओऽऽ” परत येतो. विहीर जितकी खोल, तितका प्रतिध्वनी उशिरा. केबल दुरुस्त करणाऱ्यांकडे असंच एक यंत्र असतं. ते धाग्यात प्रकाशाची हाक मारतं. तुटलेल्या टोकावर आपटून थोडा प्रकाश परत येतो. किती वेळाने परत आला, ते यंत्र मोजतं आणि अंतर सांगतं. समजा, एका सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी १०० भागांत प्रकाश परत आला. तेवढ्या वेळात तो २० किलोमीटर धावला. जायचे १० आणि यायचे १०. म्हणजे तुटलेली जागा १० किलोमीटरवर!

मग तिथे खणतात, धाग्याची दोन्ही टोकं साफ करतात, समोरासमोर ठेवतात आणि विजेच्या ठिणगीने वितळवून एकमेकांना चिकटवतात. एका केबलमध्ये असे कितीतरी तंतू असतात. भर उन्हात किंवा पावसात, छत्री धरून, गुडघ्यावर बसून माणसं हे काम करतात. ‘लाइनमनदादा दिसत नाहीत’ म्हणून आपण चिडतो, तेव्हा ते बहुतेक कुठल्या तरी खड्ड्यात उतरलेले असतात.

संध्याकाळी नेट का रेंगाळतं?

कधी कधी नेट जात नाही, नुसतं रांगतं. असं का होतं?

काष्टीचा रस्ता शुक्रवारी आणि शनिवारी पाहा. रस्ता तोच, रुंदी तीच. पण शनिवारी टेंपो, जनावरं, मोटारसायकली, भाजीच्या पाट्या! चालत जाणारा आधी पोचतो. संध्याकाळी सात ते दहा या वेळात नेटचा शनिवार असतो. सगळ्या घरांत मालिका, क्रिकेट आणि व्हिडिओ कॉल एकदम सुरू. वाट सगळ्यांची एकच, मग कोंडी होणारच. अशा वेळी कंपनीने पुढची वाट रुंद करायला हवी. गिऱ्हाइकं वाढवली आणि वाट तेवढीच ठेवली, तर दोष गिऱ्हाइकाचा नाही.

आता वेगाचं थोडं गणित करू या. जाहिरातीत लिहिलेलं असतं ‘४० एमबीपीएस’. हे मेगाबिट असतात. पण आपण फोटो किंवा व्हिडिओ मोजतो मेगाबाइटमध्ये. आठ बिटचा एक बाइट. म्हणून ४० ला ८ ने भागा. उत्तर ५. म्हणजे पूर्ण वेग मिळाला तर सेकंदाला ५ मेगाबाइट. १०० मेगाबाइटचा धडा उतरवायला २० सेकंद लागायला हवेत. तुमच्याकडे पाच मिनिटं लागली, तर वेग किती पट कमी झाला? काढा पाहू! (उत्तर: १५ पट.)

सरकारी नियमाप्रमाणे ‘ब्रॉडबँड’ म्हणवून घ्यायला किमान किती वेग लागतो, माहीत आहे? २००४ साली तो २५६ किलोबिट ठरला. २०१३ साली ५१२ किलोबिट झाला. २०२३ साली तो २ मेगाबिट करण्यात आला. दोन मेगाबाइटचा एक फोटो उतरायला २५६ च्या वेगाने एक मिनिटाहून जास्त वेळ लागायचा, २ मेगाबिटला ८ सेकंद लागतात. जाहिरातीतला आकडा आणि नियमातला किमान आकडा यांत किती अंतर आहे, ते यावरून कळतं.

माळ आणि बांगडी

आता मोठ्या जाळ्याची गोष्ट. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने एक योजना मंजूर केली. देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत काचेचा धागा न्यायचा आणि तोही दोन वर्षांत! २०१५ साली या योजनेचं नाव ‘भारतनेट’ झालं. एक लाख ग्रामपंचायतींचा पहिला टप्पा पूर्ण व्हायला २०१७ चा डिसेंबर उजाडला. आपल्या राज्याने दुसऱ्या टप्प्याचं काम ‘महानेट’ नावाने हाती घेतलं.

धागा ग्रामपंचायतीत आला, पेटी भिंतीवर बसली. पण पेटी बसली म्हणजे नेट चालू, असं नसतं. केबल टाकणं एकदाच होतं, ती सांभाळणं रोजचं असतं. आणि आणखी एक अडचण होती. सुरुवातीला बऱ्याच ठिकाणी गावं माळेतल्या मण्यांसारखी ओवली होती. तालुक्याहून पहिलं गाव, पहिल्याहून दुसरं, दुसऱ्याहून तिसरं. माळ मधेच तुटली की काय होतं? पुढचे सगळे मणी ओघळतात. तसंच पहिल्या गावाजवळ केबल तुटली, की पुढची सगळी गावं बंद.

यावर उपाय म्हणजे बांगडी. गावं गोलात जोडायची. एका बाजूने वाट बंद झाली, तर संदेश उलट्या बाजूने फिरून येतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये सरकारने भारतनेटची सुधारित योजना मंजूर केली. तिच्यात माळेऐवजी बांगडीची रचना आणि देखभालीचीही तरतूद आहे. तिचा खर्च १,३९,५७९ कोटी रुपये. एवढा पैसा जनतेचा, म्हणजे तुमच्या-आमच्या आईबाबांचा. म्हणूनच ‘आमच्या गावात ते चालू आहे का?’ हे विचारायचा हक्क आपला आहे.

माणसं गेली, काम राहिलं

सरकारी सेवेला उशीर का लागतो, असं पालक नेहमी विचारतात. त्याची काही कारणं उघड आहेत. ३१ जानेवारी २०२० रोजी बीएसएनएलच्या सुमारे ७८ हजार कर्मचाऱ्यांनी एकाच दिवशी स्वेच्छानिवृत्ती घेतली. म्हणजे जवळजवळ निम्मी माणसं! कंपनी तोट्यात होती, पगाराचा बोजा कमी करायचा होता. पण कुठल्या डब्यात कुठली तार आहे, हे वर्षानुवर्षं पाठ असलेले हातही त्यांच्याबरोबर गेले. आता घराघरांत फायबर पोचवायचं बरंचसं काम स्थानिक भागीदार करतात. म्हणून ग्राहकाचा कधी कधी चेंडू होतो. भागीदार म्हणतो, “वरूनच बंद आहे.” कार्यालय म्हणतं, “भागीदाराला विचारा.”

मोबाइलचंही तसंच झालं. आपल्या देशात ४-जी सेवा २०१२ साली सुरू झाली. बीएसएनएलची देशी बनावटीची ४-जी सेवा देशभर सुरू झाल्याचं जाहीर झालं २७ सप्टेंबर २०२५ रोजी, सुमारे ९७,५०० टॉवरसह. हे सगळं तंत्र आपल्याच देशात बनवलं, ही अभिमानाची गोष्ट. पण मधल्या १३ वर्षांत कितीतरी गिऱ्हाइकं दुसरीकडे निघून गेली.

मग कुणी म्हणेल, ‘द्या सोडून ती सरकारी सेवा!’ थांबा. खासगी कंपनी आधी तिथे जाते, जिथे गिऱ्हाइकं जास्त. बाजारपेठेत चार कंपन्या येतील, पण माळावरच्या दहा घरांच्या वस्तीवर कोण जाईल? तिथे जायला सरकारी जाळंच लागतं, म्हणून तर ते बांधलं. २०२० साली टाळेबंदीत शाळा बंद झाल्या आणि धडे फोनवर आले, तेव्हा सिंधुदुर्गातल्या एका मुलीने डोंगरावर झोपडीत बसून अभ्यास केला, कारण रेंज तिथेच मिळत होती. तिची जिद्द मोठीच. पण अभ्यासासाठी डोंगर चढायची वेळ मुलांवर येऊ नये, हे पाहणं मोठ्या माणसांचं काम आहे. सरकारी जाळ्याबद्दल तक्रार करणं म्हणजे त्याच्याशी वैर करणं नव्हे. आपल्या विहिरीचा रहाट मोडला तर आपण विहीर बुजवत नाही, रहाट दुरुस्त करायला लावतो.

चिडायचं की लिहायचं?

नेट गेलं की घरात काय होतं? दादा डब्याला चापट मारतो. बाबा फोनवर आवाज चढवतात. आई म्हणते, “बरंच झालं, आता जेवायला बसा!” दुसऱ्या दिवशी नेट येतं आणि सगळं विसरून जातो. महिन्याच्या शेवटी बिल मात्र पूर्ण महिन्याचं!

आमच्या शाळेतही असं झालं. एका पावसाळ्यात शाळेचं नेट आठवड्यामागून आठवडे ये-जा करत राहिलं. कंपनीत फोन केला की पलीकडून पहिला प्रश्न यायचा, “कधीपासून बंद आहे?” ‘बरेच दिवस झाले’ या उत्तराला काही किंमत नसते. मग वर्गातल्या मुलांनी फळ्याशेजारी एक कागद चिकटवला आणि रोज तारीख-वेळ लिहायला सुरुवात केली. पुढच्या फोनला ती यादी वाचून दाखवली. पलीकडचा आवाज बदलला. तक्रार क्रमांक मिळाला आणि चार दिवसांनी माणूस आला. शाळेजवळच्या जोडात पाणी शिरत होतं. मुलांनी नोंदवलं होतं, की पाऊस पडला की तासाभरात नेट जातं. त्याने आल्याबरोबर जोडच उघडून पाहिला!

राग दुसऱ्या दिवशी शिळा होतो, पण लिहिलेली तारीख शिळी होत नाही. आणि तारीख सरकारलाही लागू होते, बरं का. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणात १९९७ पर्यंत देशातली सगळी गावं टेलिफोनने जोडू, असं लिहिलं होतं. ते तेव्हा झालं नाही. पण तारीख लिहिलेली होती, म्हणून तर लोक विचारू शकले, ‘काय झालं?’

पालकांसाठी चार गोष्टी

आपल्या महाराष्ट्रात ग्राहकांना जागं करायचं काम जुनं आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली. त्यानंतर १२ वर्षांनी, २४ डिसेंबर १९८६ रोजी, देशात ग्राहक संरक्षण कायदा झाला. म्हणून २४ डिसेंबरला आपण राष्ट्रीय ग्राहक दिन पाळतो. पुढे त्याची जागा २०१९ च्या नव्या कायद्याने घेतली. नेट वारंवार जात असेल, तर पालकांनी या पायऱ्या लक्षात ठेवाव्यात.

१. तक्रार आधी कंपनीच्या तक्रार केंद्राकडेच करावी आणि तक्रार क्रमांक घ्यावा. क्रमांक नसलेली तक्रार ही तक्रारच नव्हे. भागीदाराला तोंडी सांगितलं असलं, तरी कंपनीकडे नोंद हवीच.

२. उत्तर मिळालं नाही किंवा पटलं नाही, तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘ट्राय’च्या, २०१२ च्या नियमांनी ही सोय केली. अपिलाला फी नाही. ट्राय मात्र एकेकट्या ग्राहकाची तक्रार स्वतः सोडवत नाही, ती कंपन्यांसाठी नियम करते.

३. ट्रायच्या २०२४ च्या नियमांनुसार अख्ख्या जिल्ह्यात सेवा २४ तासांपेक्षा जास्त बंद पडली, तर त्या प्रमाणात भाड्यात सूट किंवा मुदतवाढ द्यावी लागते. इंग्लंडमधल्या मोठ्या कंपन्या तर १ एप्रिल २०१९ पासून, दुरुस्तीला दोन कामाच्या दिवसांपेक्षा जास्त वेळ लागला, की न मागता दर दिवसाची भरपाई देतात. आपल्याकडेही नोंद हवी.

४. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. शेवटचा मार्ग ग्राहक आयोगाचा. दूरसंचार सेवेची तक्रार ग्राहक आयोगात करता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे.

फिनलंड या देशाने २०१० साली प्रत्येक नागरिकाला एक मेगाबिटचं ब्रॉडबँड मिळणं हा कायदेशीर हक्क ठरवला. आपल्याकडे २०१९ साली केरळ उच्च न्यायालयाने वसतिगृहातल्या एका विद्यार्थिनीच्या खटल्यात म्हटलं, की इंटरनेट मिळणं हा शिक्षणाच्या हक्काचा भाग आहे. म्हणजे वस्तीवरच्या मुलीचा अर्ज अडतो, तेव्हा ती फक्त गैरसोय नसते.

करून पाहा: नेटची वही

एक जुनी वही घ्या. पानावर पाच रकाने आखा: तारीख, किती वाजता गेलं, किती वाजता आलं, डब्यावरचे दिवे, तक्रार क्रमांक. शेवटी शेरा लिहायला जागा ठेवा. पाऊस, वीज, रस्त्याचं काम, काही दिसलं तर तिथे लिहा.

दिवे वाचायलाही शिका. ‘पॉवर’चा दिवा बंद असेल, तर घरातलं बटण किंवा वीज पाहा. ‘लॉस’चा लाल दिवा पेटला, तर प्रकाश घरापर्यंत पोचतच नाही, म्हणजे बहुतेक धागा कुठे तरी तुटला किंवा मुडपला आहे. ‘पॉन’चा हिरवा दिवा स्थिर असेल आणि तरी नेट नसेल, तर तुमच्या घरापर्यंतचा धागा ठीक आहे. अडचण पुढे केंद्रात, तुमच्या खात्यात किंवा घरातल्या वायफायमध्ये असू शकते. तक्रार करताना दिव्यांची ही माहिती सांगितली, तर येणारा माणूस योग्य सामान घेऊन येईल.

दोन गोष्टी मात्र करायच्या नाहीत. तुटलेल्या धाग्याच्या टोकात डोळा लावून कधीही पाहू नका. त्यातला प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. आणि काचेचे तुकडे हाताळू नका, ते कातडीत घुसतात.

महिना संपला की वहीवरून मोजा. एकूण किती तास नेट बंद होतं? महिन्याचे ७२० तास धरले, तर शेकडा किती? मग आईबाबांबरोबर बसून असं पत्र लिहा:

“मा. अधिकारी, स. न. वि. वि. आमच्या जोडणीचा क्रमांक ____. दि. ____ ते दि. ____ या काळात सेवा ____ वेळा, एकूण ____ तास बंद होती. तक्रार क्रमांक ____ दि. ____ रोजी दिला. अद्याप दुरुस्ती झालेली नाही. कृपया दुरुस्ती करून बंद काळाचं भाडं वजा करावं. सोबत नोंदींची प्रत जोडली आहे.”

पाहिलंत? पत्रात एकही रागाचा शब्द नाही, नुसते आकडे आहेत. तरी वाचणाऱ्याला उत्तर द्यावंच लागतं.

आता जाता जाता एक गणित. दुरुस्तीच्या यंत्राने धाग्यात प्रकाशाची हाक मारली. सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी ६० भागांत ती परत आली. तर केबल किती किलोमीटरवर तुटली? जायचं आणि यायचं अंतर विसरू नका हं!

(उत्तर: ६ किलोमीटर.)